कोयत्याची खूण

“आता कुठला रंग निघाला गो?” दार खरवडता खरवडता धर्मराजनं विचारलं.

“हिरवा, बाबा,” मनिषा म्हणाली.

निघाला होता भडक गुलाबी. पण सासऱ्याचे दोन्ही डोळे काचबिंदूनं नेलेले, आणि सून खोटं बोलायला आता चांगलीच सरावलेली.

“म्हंजे तुज्या लग्नातला!” म्हातारा खुलला. “तुजी सासू रंगाऱ्याशी भांडली व्हती. पोपटी नको, गर्द लाव म्हनून.”

मनिषा हसली आणि गुलाबी खपल्या सुपलीत भरायला लागली.

विमानतळासाठी गाव उठलं, तेव्हा धर्मराजनं जुन्या घरातलं दुसरं काही मागितलं नव्हतं. पुढचं दार तेवढं काढून घेतलं. त्याची कृष्णाबाई त्याच दारातून नवरी होऊन आत आली होती आणि त्याच दारातून शेवटची बाहेर गेली होती. पनवेलला नवं घर उभं राहीपर्यंत दार मनिषाच्या ताब्यात होतं. “मी जपते, बाबा,” असं ती मोठ्या तोऱ्यात म्हणाली होती. कसलं जपतेय! भाड्याच्या घरामागच्या शेडमध्ये वाळवीनं त्याचा आतून पार भुगा केला. तिच्या नवऱ्यानं, केतननं, हात लावला तर फळीच हातात आली.

आता हे म्हाताऱ्याला सांगायचं कुणी? दोघं नवराबायको जुन्या लाकडाच्या वखारीत गेली, त्याच मापाचं रंगवलेलं सागवानी दार शोधून आणलं आणि गुपचूप त्याच्यापुढं ठेवलं.

त्या दिवशी धर्मराजनं दारावरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला. मग कडीशी येऊन बोटांनी चाचपायला लागला. मनिषाचा जीव टांगणीला लागला.

“कडीखाली कोयत्याची खूण हाय बग,” तो म्हणाला. “ल्हानपनी मी मारलेला कोयता. बापानं लई बडवलं. दिसते का?”

“रंगाखाली दबली असंल,” ती घाईघाईनं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हाताऱ्याचा डोळा लागला आणि हिनं कडीखाली कोयता घातला. कोरी कड बोटाला कळेल म्हणून काचपेपरनं घासून घासून गुळगुळीत केली. संध्याकाळी रंग खरवडताना त्याचं बोट त्या खाचेत गेलं आणि तिथंच थांबलं.

“घावली का, बाबा?”

“घावली गो,” तो म्हणाला. खाचेवरून तो पुन्हा पुन्हा बोट फिरवत राहिला. मनिषानं तोंड फिरवून डोळे पुसले.

मग नव्या घराला दार लावायच्या आधी जुने रंग उतरवायचं दोघांचं काम रोज अंगणात चालायचं. मिठागरात उभी हयात गेलेले त्याचे हात नेटानं पातं ओढायचे, ती रंगाच्या खपल्या गोळा करायची. पिवळ्याला ती निळा म्हणाली, तेव्हा मामाच्या होडीला लावून उरलेला निळा रंग आपल्या लग्नात दाराला कसा फासला, ते त्यानं रंगवून सांगितलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण सासऱ्याशी इतकं बोलणं कधी झालंच नव्हतं. लाकूड उघडं पडलं, अळशीचं तेल प्यायलं, लखलखलं. खोटं एवढं गोड लागावं, याचीच तिला भीती वाटायला लागली.

घरभरणीला उरणहून गोदूआत्या आली. धर्मराजची सख्खी बहीण, त्याच जुन्या दारात वाढलेली. नजर घारीची आणि जीभ त्याहून तिखट. अगं बाई! हिला तर कुणी काही सांगितलंच नव्हतं. आत्या उंबऱ्यातच थबकली आणि दार न्याहाळायला लागली. आत खुर्चीत म्हातारा कान देऊन बसलेला.

“आत्या, ही बगा,” ती धडपडत पुढं झाली. “बाबांची कोयत्याची खूण. आठवते ना?”

गोदूआत्यानं वाकून खाच पाहिली. मग आत भावाकडं पाहिलं.

“आठवते तर!” ती खणखणीत आवाजात म्हणाली. “दादानं लई मार खाल्लेला!”

आणि मनिषाच्या गळ्यात हात टाकून तिच्या कानाशी पुटपुटली, “आमच्या दाराला असली खूण कदी नव्हतीच गो. पन दादानं पयल्याच दिशी फोन करून बजावलंय, दार बगून तोंड उगडू नको. पोर लई मायेनं खोटं बोलते, बोलू दे तिला.”