चार मात्रा आधी

रूपालीने दुसरं कडवं चार मात्रा आधीच उचललं आणि काँगाचे उंच ढोल वाजवणाऱ्या मुझम्मिलने चमकून तिच्याकडे पाहिलं.

हात मात्र थांबले नाहीत. वीस वर्षं बँजो पार्टीत हळदी वाजवलेले हात ते.

खालापूरच्या टोलनाक्याजवळच्या हॉटेलचा हॉल. रविवारची दुपार. मुंबई-पुण्याहून आलेली पस्तीस जोडपी सालसा नाचत होती. रसायनीच्या रूपालीची तीन पॉप गाणी लग्नांत वाजत होती, पण सालसा तिने पहिल्यांदाच रेकॉर्ड केला होता. गाणं शुक्रवारी बाहेर पडलं आणि आज प्रथमच नाचणाऱ्यांसमोर आलं होतं. दर महिन्याला हा सोशल, म्हणजे सालसा नाचणाऱ्यांचा मेळावा, भरवणाऱ्या प्रियाने सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं, "आमची माणसं टाळ्या वाजवत नाहीत. गाणं पायांना पटलं तर नाचतात, नाहीतर खुर्चीत जाऊन बसतात. आणि इथं बसली, की ते गाणं दुसऱ्या कुठल्याच सोशलला कुणी लावत नाही."

सालसाला आठ मात्रा. एकवर पुरुषाचं पाऊल पुढं, पाचवर मागं. बाईचं बरोबर उलट. रूपाली पाचवर शिरली होती. ज्यांचा कान तिच्या आवाजावर होता त्यांनी पाचलाच एक धरलं. ज्यांचा काँगावर होता ते आपल्या जागी राहिले. एका जोडप्याचे गुडघे एकमेकांवर आदळले. पुढच्या ओळीला आणखी तिघांचे पाय अडकले. निळ्या शर्टातला एक माणूस जोडीदारणीचा हात सोडून खुर्चीकडे निघाला. त्याच्यामागे दोघं गेली.

स्पीकरशेजारी मनोज उभा होता. गाणं बसवलं त्यानेच, कंपनीचा माणूसही तोच. त्याने मुझम्मिलकडे बघून बोट गोल फिरवलं. तिच्यामागे जा.

मुझम्मिलला कळलं. पण तिच्यामागे गेलं तर बरोबर नाचणारेही चुकणार होते. आहे तसंच रेटलं, तर पोरगी सगळ्यांसमोर उघडी पडणार होती. ती डोळे मिटून गात होती. तिला अजून काहीच कळलं नव्हतं.

आणखी एक जोडपं बसलं.

मुझम्मिलने दोन्ही तळवे काँगावर दाबून धरले. कीबोर्डवरचा दत्ता दचकून थांबला. रूपालीचा आवाज एकटाच दोन शब्द पुढं गेला आणि तुटला.

"माफ करा," मुझम्मिल उठून म्हणाला. "माझा ठेका चुकला. परत घेतो."

रूपाली गर्रकन वळली. "मुझम्मिलभाई, काय हे!" माइक चालू होता. हॉलभर हसू पसरलं. मनोज हसला नाही. कर्जतच्या स्टुडिओतच तो म्हणाला होता, हा बँजोवाला रेकॉर्डिंगपुरता ठीक, सोशलला मुंबईचा वादक घेऊ. रूपाली हटून बसली म्हणून त्याने आजचा दिवस कबूल केला होता.

प्रियाने घड्याळाकडे पाहिलं. "एकदाच," ती म्हणाली.

गाणं पुन्हा सुरू झालं. पहिलं कडवं सरलं, मधला तुकडा आला. बसलेल्यांपैकी कुणी उठलं नव्हतं. रूपालीने तोंड उघडलं आणि मुझम्मिलने मान हलवली. नाही. ती अडखळली. मग नाचणाऱ्यांकडे पाठ करून तिने सरळ त्याच्याकडे तोंड केलं. तो मनात मोजत होता. पाच. सहा. सात. आठला त्याची हनुवटी खाली आली, आणि ती एकवर शिरली.

निळ्या शर्टवाला उठला. मग एकेक करत सगळेच. शेवटच्या ठेक्यापर्यंत हॉलमधल्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

कार्यक्रम संपल्यावर मुझम्मिल काँगांवर खोळी चढवत असताना मनोज आला. "पुढच्या रविवारी पुण्याला मी दुसरा माणूस सांगतो. स्टेजवर अशी चूक चालत नाही, भाई."

"बरं," मुझम्मिल म्हणाला.

रूपाली मागेच उभी होती. तिचा चेहरा उतरला होता. "मनोजदादा, दुसऱ्यांदा गाताना कळलं मला. चूक माझी होती. यांनी अंगावर घेतली."

"माहीत आहे." मनोजने आवाज खाली आणला. "रेकॉर्डिंगलाही तू तिथं प्रत्येक वेळी आधीच आलीस. मीच कॉम्प्युटरवर आवाज सरकवून जागेवर बसवला. पण आज हॉलमध्ये त्यांनी चूक कबूल केली, ती सगळ्यांनी ऐकली. आता पुण्याला मी बदलू कुणाला? तुला?"

मुझम्मिलने एक काँगा खांद्यावर घेतला. रूपालीने वाकून दुसरा उचलला. तो तिला वाटला त्यापेक्षा बराच जड निघाला. दारात चौघी-पाचजणी मोबाइल घेऊन थांबल्या होत्या.

"मॅडम, एक फोटो!"

"हात मोकळे नाहीत," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

बाहेर ऊन अजून कडक होतं. टेंपोत दोन्ही काँगा चढल्यावर मुझम्मिलने मागचा फाळका लावला. ती जागची हलली नाही.

"पुण्याला तुम्ही नसलात तर मीपण नाही. त्याला तसं सांगते," ती म्हणाली. "पण आधी मला बरोबर जागी शिरणं जमायला हवं."

"तो आयकायचा नाय."

"नाही तर नाही. तुम्ही वाजवा."

मुझम्मिलने तिच्याकडे पाहिलं. मग फाळक्यावर बोटांनी ठेका धरला. पत्रा तापलेला होता. ती ओठांनी मोजत राहिली, श्वास घेतला आणि शिरली.

तो थांबला.

"नाय," तो म्हणाला. "परत."