टक्कर शून्य

एकाच रेडिओलहरींवर दोन मोबाइल कंपन्यांचे टॉवर न भांडता नांदावेत, म्हणून माधवीने मोठा सोज्वळ नियम लिहिला: समोरच्याला बोलायचंय अशी नुसती शंका आली, तरी आपण थांबायचं. शहरातल्या नल्लकुंटा मोहल्ल्यात चाचणीचे वीस फोन वाटले. त्यातला एक तिने तिथे एकट्या राहणाऱ्या वडिलांच्या हाती ठेवला. आठवड्याने आकडे आले: लहरींची टक्कर, शून्य. तिचे वरिष्ठ रेड्डीसाहेब यांनी ऑफिसात सगळ्यांसाठी बिर्याणी मागवली.

"सर, कॉलही शून्यच आहेत," माधवी म्हणाली. "दोन्ही टॉवर आठवडाभर एकमेकांसाठी थांबून राहिलेत."

"हौ, तो क्या? फारम में टक्करांइच पूछे, कॉलां नइं पूछे. सही करो, अम्मा." रेड्डीसाहेबांनी चाचणीच्या अहवालाचा फॉर्म तिच्यापुढे सरकवला.

सही करून तिने तडक नल्लकुंटा गाठलं. वडील पांघरूण घेऊन पडले होते, उशाशी औषधाची बाटली.

"अण्णा, फोन लागत नव्हता ना? माझीच चूक झाली."

"लागत नव्हता?" अण्णा म्हणाले. "मी लावलाच कुठे? चार दिवस ताप होता, पण म्हटलं, तू कामात असशील."

अण्णा झोपले असतील, असं मनाशी म्हणत तिनेही आठवडाभर फोन लावला नव्हता.