न भाजलेली जागा

डॉक्टरांनी विचारलं, हात दाखवशील का, आणि अबोलीने न्यायाधीशबाईंकडे एकदा पाहून बाह्या वर सारल्या. बसल्या जागी सगळ्यांच्या माना आपोआप खाली गेल्या. मुकादमाचीही गेली.

ती त्याच्याच हाताखालची. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात ती घड्या घालायची. कामापुरतंच बोलायची, म्हणून सगळे तिला अबोली म्हणत. गेल्या उन्हाळ्यात बॉयलरच्या खोलीत वाफेचा नळ फुटला आणि ती मानेपासून कमरेपर्यंत भाजली. तिने नुकसानभरपाई मागितली, तेव्हा मालकाने कानावर हात ठेवले. नळ ठणठणीत होता, हिनेच नको तिथे जाऊन नको ती चावी फिरवली, असं त्याचं म्हणणं.

मुकादम मालकाचा साक्षीदार. सकाळीच त्याची साक्ष झाली होती. नळाबद्दल कुणी कधी तक्रार केली नाही आणि वाफ सुटली तेव्हा आपण आवारात गाडीवर गठ्ठे चढवत होतो, असं त्याने पाढे म्हटल्यासारखं न अडखळता सांगितलं होतं. अपघातानंतर लगेच मालकाने त्याला परगावच्या कारखान्यावर धाडलं होतं आणि तिथून तो बढती घेऊनच परतला होता. गड्याचं नशीब फळफळलं, असं लोक म्हणत.

आता तो बाकाच्या कडेवर ताठ बसून ऐकत होता.

डॉक्टर म्हातारे होते. उभा जन्म त्यांनी भाजलेल्यांच्या वॉर्डात काढला होता. आवाज इतका हळू की टंकलेखकाला दोनदा विचारावं लागलं.

"भाजलेलं सगळेच बघतात," ते म्हणाले. "मी आधी न भाजलेलं बघतो."

मग त्यांनी समजावून सांगितलं. चावी फिरवायला गेलेल्या माणसाचे तळहात आधी भाजतात, चेहरा भाजतो, छाती भाजते. हिची पाठ भाजली होती, दंडांच्या बाहेरच्या बाजू भाजल्या होत्या, हातांची वरची बाजू तर इतकी खोल की मांडीची कातडी काढून लावावी लागली. पण छातीवर ओरखडा नाही. दंड आतून स्वच्छ. आणि तळहातांवरच्या रेषासुद्धा जशाच्या तशा.

"असं कधी होतं?" अबोलीच्या वकीलबाईंनी विचारलं.

पिंजऱ्यात उभ्या उभ्या डॉक्टरांनी आपले दोन्ही हात पसरले आणि समोरच्या हवेला मिठी मारली. तसेच मिठी न सोडता सावकाश अर्धं वळले आणि भरल्या न्यायालयाकडे पाठ करून थांबले.

सगळ्यांना दिसलं. त्या हातांच्या मध्ये कुणीतरी होतं.

टंकलेखकाचे हात थांबले. मुकादमाच्या अंगावर सर्रकन काटा आला. जे घडताना या म्हाताऱ्याने पाहिलं नव्हतं, ते एका बाईच्या कातडीवरून त्याने अक्षर न अक्षर वाचलं होतं. आणि ती बाई बाह्या खाली ओढत होती, जशी काही दुसऱ्याच कुणाची गोष्ट चालली आहे.

मालकाचे वकील मात्र मुरलेले होते. त्यांनी नम्रपणे विचारलं, मध्ये लहान मूल असू शकेल का? मधल्या माणसाचं वय हिच्या कातडीवरून सांगता येत नाही, असं डॉक्टरांना कबूल करावंच लागलं. वकिलांना तेवढंच हवं होतं. हिला लहान मुलगी आहे, त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, पोरांना आत आणायची कारखान्यात सक्त मनाई आहे. पोरीने चावीशी खेळ केला, आई धावली. आईची माया थोर, पण चूक तिचीच.

तारायला आलेली साक्ष आता बुडवायला निघाली होती.

न्यायाधीशबाई पुढे झुकल्या. "मुलगी होती का बरोबर?"

"नाही. ती आजीकडे होती."

"मग कुणाला धरलं होतंत?"

अबोलीने तळहात एकमेकांवर ठेवले. न्यायाधीशबाईंनी तिला शांतपणे समजावलं, की नाव सांगितलं नाही तर दावा फेटाळला जाऊ शकतो. पुढचं औषधपाणी, कामाला न येणारे हात, सगळं तिच्याच गळ्यात पडेल. तिने मान हलवली. तिला कळलं होतं.

"आठवत नाही का?"

"आठवतं."

"मग सांगा."

"एकदा वाचवलं ना, बाई," ती म्हणाली. "आता मीच कशाला जाळू?"

तिच्या वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. न्यायाधीशबाई हातातलं पेन तसंच धरून तिच्याकडे बघत राहिल्या.

मालकाच्या वकिलांनी घसा खाकरला. उत्तर सोयीचं आहे, ते म्हणाले. पण आख्ख्या कारखान्यात त्या दिवशी दुसऱ्या कुणाला साधा चटकाही बसल्याची नोंद नाही. "खरंच असा कुणी असता, तर इतके दिवस तोंड लपवून बसला असता का? इतका कृतघ्न माणूस असतो तरी का?"

मुकादम उठला. त्याला बाहेर जायचं असेल असं वाटून शिपायाने वाट करून दिली. मालकाने त्याची बाही धरली, ती त्याने हळूच सोडवून घेतली. तो चालत न्यायाधीशबाईंच्या समोर आला, एकदा अबोलीकडे बघितलं आणि शर्टाची बटणं काढू लागला. कुणी काही बोलायच्या आत शर्ट उतरला होता आणि मुकादम पाठमोरा उभा होता. खांद्यांपासून कमरेपर्यंत पाठ वाफेने सोलून निघाली होती, आणि त्या चट्ट्यांच्या मधोमध, बोट न बोट ओळखू येईल असे, दोन लहानखुरे पंजे होते, कोरेच्या कोरे.