जिभेला चिकटलेला दात

निकाल लिहूच नये, असं हर्षलला वाटून गेलं. त्याच्या दोस्ताने, यासीनने, उत्खननात शोधलेल्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या बाईच्या दातात ओठांवर फोड आणणारा विषाणू सापडला होता. यासीनची अख्खी पीएचडी आता त्या दातावर उभी होती. तो पेढे घेऊनच हर्षलच्या डीएनए लॅबमध्ये आला, तर त्याच्याच ओठावर फोड!

“हा कधीपासून रे?”

“शाळेपासून. उन्हात राबलं की उठतोच.”

“दात सापडला तेव्हा जीभ लावलीस?”

“लावणारच की लेका! मातीने माखलेला, दात की खडा कळेना. जुनं हाड, दाताचं मूळ जिभेला चिकटतं, खडा नाही. आम्ही उत्खननवाले सगळेच...” यासीन थांबला. पेढ्यांचा पुडा त्याने हळूच टेबलावर ठेवला. “म्हणजे तो विषाणू माझा?”

हर्षल संगणकाकडे वळला. त्याने स्क्रीनवर निकाल पुन्हा उघडला. ताजा डीएनए लांब असतो, जुन्याचे तुटून बारीक तुकडे होतात. इथे लांबच धागे होते, खंडीभर. तो यादी खाली सरकवत गेला. मग अगदी खाली, मोजकेच, टोकं झिजलेले बारके तुकडे दिसले.

“बराचसा तुझाच आहे,” तो म्हणाला. “पण थोडा तिचाही दिसतोय. एवढ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. तिचा जबडा अजून मातीतच आहे ना?”

“आहे. दोन दाढा दिसतायत.”

“मग त्या काढताना मी येतो. दाढ डबीत जाईपर्यंत तुझ्या तोंडावरचा मास्क मी धरून बसेन. शब्द देतो.”