केतकीचा मोठा शब्द

“कॅटॅस्ट्रॉफिक म्हणजे सर्वनाशी ना गं? मग दूध उतू गेल्यावर कशाला म्हणतेस? खऱ्या संकटाला शब्द उरायचा नाही,” खालच्या मजल्यावरच्या सुलभामावशींनी बजावलं, तेव्हा केतकी नुसती हसली होती.

मग एका दुपारी तिच्या अडीच वर्षांच्या लेकीने बाथरूमची कडी आतून लावून घेतली. “कॅटॅस्ट्रॉफिक! लवकर या!” केतकीने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. “आज काय, वरण करपलं?” उत्तर आलं.

मावशीच तेवढ्या आल्या, सुजलेला पाय ओढत. दाराबाहेर बसून गोडीगुलाबीने त्यांनी पोरीला कडी काढायला लावली. “अहो, पाय केवढा सुजलाय!” “किरकोळ गं.”

आज माहेराहून केतकीने ग्रुपवर लिहिलंय, “मावशी फोनवर ‘किरकोळ ताप’ म्हणतायत. त्यांचं किरकोळ मला ठाऊक आहे. कोणीतरी आत्ता जाऊन बघा ना!”