एक किलोचं वजन

"या सत्रात दुसरीची मुलं वजनं-मापं शिकणार आहेत," पालकसभेत बाई म्हणाल्या. "कुणाकडे लोखंडी वजनं असतील तर वर्गासाठी पाठवा." आणि त्या नेमक्या किराणा दुकानदाराकडे बघून हसल्या. त्याच्या मनात पाल चुकचुकली.

बाई त्याच्याकडूनच सामान न्यायच्या. परवा साखरेची पिशवी हातात तोलत जरा जास्तच वेळ उभ्या होत्या. म्हणजे पोरांच्या आडून आपली झडती घेतायत तर! बरं, गप्प बसावं तर बाकांवर अवघडून बसलेले सगळे आईबाप त्याचीच गिऱ्हाइकं. त्यांना नसता संशय यायचा.

तो छाती पुढे काढून उभा राहिला. "माझ्या दुकानातलं वजन पाठवतो, बाई. किलो म्हणजे किलो! गुंजभर कमी भरलं तर दुकान बंद करीन."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनीही. उगाच संशय घेतला बिचारीवर, असं म्हणत तो खाली टेकतोय, तोच शेजारी बसलेल्या त्याच्या लेकीने खणखणीत आवाजात विचारलं,


"बाबा, कुठलं आणू? माल घेतानाचं, की गिऱ्हाइकांना देतानाचं?"