टीव्हीवरचा गुलाब

चष्मेवाला ठमीच्या वर्गात पोरांच्या बाकावर गुडघे कानाशी घेऊन बसला होता आणि ठमीची पाळी यायची वाट बघत होता. ठमी त्याची मुलगी, तिसरीतली. तिच्या मांडीवर प्लॅस्टिकचा गुलाब होता. आज त्या गुलाबाचा निकाल लागणार होता.

बाईंनी वहीत लिहून पोरांना घरातली सगळ्यात जुनी प्लॅस्टिकची वस्तू आणायला सांगितली होती, सोबत पालकांनाही बोलावलं होतं. तिचा इतिहासही सांगायचा होता : कुणी आणली, कशाला आणली, पुढे तिचं काय होणार. नको असेल तर शेवटी ती खोक्यात टाकायची. खोकं जुनं प्लॅस्टिक वितळवणाऱ्या कारखान्यात जाणार. हे वाचून चष्मेवाल्याने आयुष्यात पहिल्यांदा मुलीचा अभ्यास घेतला.

लग्नानंतर या भाड्याच्या घरात सामान लावलं, तेव्हापासून तो गुलाब टीव्हीवर होता. चष्मेवाल्याने आणलेला नव्हता. म्हणजे बायकोचा. म्हणजे बायकोला कुणीतरी दिलेला. ती दर रविवारी तो साबणाच्या पाण्यात बुडवून जुन्या टूथब्रशने पाकळी न् पाकळी घासायची. चष्मेवाल्याच्या पाठीला तिने कधी साबण लावला नव्हता. त्याने इरेला पेटून खरी फुलं आणून बघितली. ती दोन दिवसांत माना टाकायची आणि गुलाब वरून बघत बसायचा. कुणी दिला, हे विचारायची त्याची छाती झाली नाही. दिवसभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढणारा माणूस घरी येऊन डोळेझाक करायचा.

परवा ठमीने गुलाब मागितला, तर बायकोने तो इतक्या पटकन काढून दिला, की त्याचा संशय दुप्पट झाला. इतिहास मात्र ती मुलीला स्वयंपाकघरात नेऊन, दार लोटून सांगत होती.

ठमीच्या आधी एका पोराने आजोबांचा आंघोळीचा, कान तुटलेला प्लॅस्टिकचा मग दाखवला. पूर्वी मग पत्र्याचे असायचे, बाई म्हणाल्या, ते गंजून मातीला मिळायचे. हा मात्र आजोबांच्या पणतवंडांनाही पुरून उरेल. चष्मेवाल्याने ठमीच्या मांडीवरच्या गुलाबाकडे बघितलं. इतकी वर्षं तो गुलाब सुकायची वाट बघत होता.

मग ठमी उठली.

"हा गुलाब आमच्या बाबांचा आहे. लग्नाआधी त्यांची एक मैत्रीण होती, तिने दिला. आईला तिचं नाव माहीत नाही. विचारलं तर बाबांना वाटेल मी जळते, असं आई म्हणते. म्हणून ती काही बोलत नाही, नुसता धुते. खूप जोरात धुते."

चष्मेवाल्याला कधी मैत्रीण नव्हती. कॉलेजात एक मुलगी त्याच्याकडे बघून हसली होती, पण ती मागच्या बाकावरच्याला. गुलाब आधीच्या भाडेकरूचा असणार, नाहीतर सामान आणणाऱ्या टेम्पोवाल्याचा. नवरा-बायको मिळून इतकी वर्षं तिसऱ्याच कुणाचा तरी कचरा धूत-पुसत बसले होते.

पण बायको जळत होती. त्याच्यावरून. ही बातमी चष्मेवाल्याच्या अंगात सावकाश उतरली. त्याने पाठ ताठ केली. उरल्यासुरल्या केसांवरून हात फिरवला.

"मग टाकायचा ना?" बाईंनी खोकं पुढे केलं.

चष्मेवाला कसाबसा बाकातून सुटून उभा राहिला. ठमीच्या हातातून त्याने गुलाब घेतला, त्यावर हलकी फुंकर मारली.

"नको," तो म्हणाला. "आठवण आहे."